बुटक्यांची भाषा

त्या खेळात सुरुवातीलाच प्रत्येकाला एक माणूस जन्माला घालावा लागतो. कागदावर त्याचं नाव, जात (म्हणजे मनुष्य, बुटका, की आणखी काही), अंगात जोर किती, डोक्यात अक्कल किती, आणि सगळ्यात खाली बॅकग्राउंड: हा कुठून आला, घर का सोडलं, कशाला भितो. मग टेबलाभोवती बसून आपण तोच माणूस बनून बोलायचं, फासे टाकून लढायचं. राजे, राक्षस, खानावळवाले, असं उरलेलं सगळं जग एकटा गेम मास्टर चालवणार. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे नाटक. मंग बसून कावून करता?"

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं गेम मास्टरच्या क्वार्टरमध्ये जमायचो. त्याचे वडील तिथेच दिवाणावर पेपर वाचत पडलेले असायचे. ते आणि माझे बाबा स्टील प्लांटच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात कामाला, त्यामुळे मी तिथे अंमळ सभ्य बसायचो.

माझं बॅकग्राउंड मी पाच मिनिटांत लिहिलं. लोहाराचा मुलगा. भट्टीजवळ गेला की घाम फुटतो. गुपचूप पाट्या रंगवतो. गेम मास्टर म्हणाला, "क्या ओरिजिनल सोचा है, यार!" ओरिजिनल कसलं डोंबल! मी स्वतःला दाढी लावून कागदावर उभा केला होता. कोचिंगला जातो असं घरी सांगून मी सुपेल्याच्या बाजारात एका फ्लेक्सच्या दुकानात बसायचो आणि लोकांच्या वाढदिवसांच्या बॅनरवर भावी नगरसेवकांचे चेहरे गोरे करायचो.

माझा दोस्तही बुटकाच झाला, माझा खेळातला भाऊ. तो आमच्याच ब्लॉकमधला. त्याचं घर मूळचं भंडाऱ्याकडचं, आमचं गोंदियाकडचं. बुटक्यांना त्यांची स्वतःची भाषा असते असा नियम निघाला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाकीचे दोघे आणि गेम मास्टर हिंदीवाले. ठरलं, बुटके मराठी बोलणार. जी भाषा घराबाहेर काढायला आम्ही लाजायचो, ती टेबलावर एकदम गुप्त हत्यार झाली.

"राक्षसाले मी मागून हानतो, तू समोर नाचून राह्य."

"मी कावून नाचू बे? तू नाच."

अधूनमधून खेळाबाहेरचंही बोलून घ्यायचो. "याच्या घरचे समोसे मस्त, पन गोष्ट लई बेक्कार," असं गेम मास्टरच्या तोंडावर, गंभीर चेहऱ्यानं म्हणण्यात काय सुख होतं म्हणून सांगू!

एका रविवारी बाकीचे दोघे दोर विकत घ्यायचा की शिडी, यावर भांडत बसले होते. मी दोस्ताकडे झुकलो.

"तुले एक सांगू? प्लांटातल्या अप्रेंटिसचा फॉर्म मी भरलाच नाई. तारीख निघून गेली. बाबाले वाटते भरला."

"बापरे. मंग?"

"मीच सांगीन त्याईले. दुसऱ्या कोनाकडून कळलं तर मेलोच मी. कोनाले बोलू नको."

"मी कोनाले बोलतो बे?"

पुढच्या रविवारी आम्ही खेळातल्या राजाच्या दरबारात पोचलो. गेम मास्टरनं आवाज जड केला. "इस दरबार में एक बौना है, जिसने शाही भट्ठी की भर्ती का फॉर्म नहीं भरा। उसका बाप आज भी चिट्ठी की राह देख रहा है।"

शहाण्या माणसानं इथे दाढी कुरवाळली असती. मी खुर्ची पाडून उभा राहिलो. "अबे, ये तो मैंने सिर्फ इसको बोला था! बाबा को पता चला तो?"

बाकीच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय अभिनय करतोय! दिवाणावरचा पेपर मात्र हळूच खाली आला.

"कौन सा फॉर्म, बेटा?"

मी तोंड मिटून घेतलं, पण ते आधी मिटायला हवं होतं. गोंधळलेल्या गेम मास्टरनं मग फाइलच उघडली. दोस्ताच्या बॅकग्राउंडमध्ये पहिल्या दिवसापासून एक लपवलेली ओळ होती: हा बुटका राजाचा खबऱ्या आहे. बुटके आपसात काय बोलले त्याचा रिपोर्ट त्यानं दर वेळी द्यायचा. एका खबरेला एक पॉइंट, दहा पॉइंटांना जादूचा हातोडा. आमचा प्रत्येक डाव राजाला आधीच कसा कळतो याचं मला केवढं कौतुक वाटायचं!

"समोसेवाली बात भी है इसमें," गेम मास्टर पडलेल्या आवाजात म्हणाला.

दिवाणावरच्या अंकलनी चष्मा काढला. "कल फर्स्ट शिफ्ट में तुम्हारे पापा मिलेंगे। मैं बताऊँ, या तुम बताओगे?"

"मैं, अंकल."

दोस्त माझ्यामागे बाहेर आला. "यार, मुझे लगा तेरा कैरेक्टर बोल रहा है। तेरे बैकग्राउंड में भी तो यही लिखा है!"

मुद्दा बिनतोड होता. माझ्यात आणि माझ्या बुटक्यात फक्त दाढीचा फरक. मी विश्वास ठेवलाही असता, पण आम्ही दोघंच असताना तो कधी हिंदी बोलत नसे.

"मराठीत सांग," मी म्हणालो.

"अरे, वही तो बोल रहा..."

"मराठीत सांग बे."

"मले वाटलं..." त्यानं सुरुवात केली आणि माझ्या स्कूटरचा आरसा सरळ करत बसला. तो सरळच होता. मग म्हणाला, "एकच पॉइंट कमी होता."

घरी पोचेपर्यंत मी त्याला शिव्याच जुळवत होतो. बाबा व्हरांड्यात बसून ड्यूटीच्या बुटांना पॉलिश करत होते. मी गेलो होतो कबुली द्यायला आणि सुरुवात केली तक्रारीनं. त्यानं मला कसा दगा दिला, राजा काय म्हणाला, हातोडा काय, खबऱ्या काय, सगळं सांगितलं. फॉर्मची गोष्ट मध्येच कुठेतरी घाईघाईनं उरकली.

बाबांचा ब्रश थांबला होता.

"त्याले कवा सांगतलं तू?"

"मागच्या रविवारी."

"अन् बुधवारी मी लेटरचं विचारलं, तवा तू म्हनला साइट बंद हाये."

मी पॉलिशच्या डबीचं झाकण लावायला लागलो.

"मी काल ऑफिसात जाऊन आलो. म्हनलं, साइट बंद हाये, पोराचं लेटर कसं काढाव? ते हसले. म्हनले, साइट तर चालूच हाये." बाबांनी बूट खाली ठेवला. "मी त्यायच्याशी भांडून आलो. मले वाटलं, त्यायलेच माहीत नाई."