दुधावरची तबकडी

हौसाबाई पेटीवर बसली की आधी लाकडावर बोटानं तीनदा ठकठक करायची. कुणाच्या दाराची कडी वाजवावी तशी. आन् इचारायची, "हायस का आत?" मगच भाता हलवायची. पहिल्यांदा बघितलं तवा मला हसू आलं. म्हटलं, "बाई, पेटीत कोन असतंय वं?"

"सूर असतोय. न इचारता आत शिरलं की रुसतोय, तुझ्या दादल्यावानी."

तरणेपणी तिच्या तीन तबकड्या निघालत्या. लावण्यांच्या. दोन्ही अंगाला एकेक, अशी सा गाणी. गायची तीच, पेटीबी तीच वाजवायची. "दुसऱ्याच्या बोटांवर माझा गळा चालत न्हाय," म्हणायची. गाणं भरून घेताना सायब वरडला म्हणं, ती ठकठक करू नका, तीबी आत भरती. ही म्हटली, "भरू दे की. ठोकल्याबिगार मी गाणार न्हाय."

कोल्हापुरात एका बोळात तिची खोली आन् माझी खोली, मधी एक भिंत. माझा नवरा गेला तवा पोरगी दोन वर्सांची. मी चार घरची भांडी घासायची. राखेनं बोटं फुटायची. मी येस्तवर पोरगी बाईजवळ, पेटीला टेकून झोपलेली असायची. एक दिवसबी बाईनं ते बोलून दाखवलं न्हाय. मी कवा रडाय लागले तर म्हणायची, "सखे, रडायचं तर सुरात रड, न्हायतर गप जेव."

पोरगी मोठी झाली, लगीन झालं, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली. त्याच आठवड्यात बाई डोळ्याच्या आपरेशनला दवाखान्यात गेली. जाताना तबकड्या माझ्याकडं दिल्या. त्यातली एक दाखवून म्हटली, "ही जास्त जप. आईनं शिकवलेली दोन गाणी हिच्यावर हायत. आईचा आवाज कुणी भरून घेतला न्हाय. तिचं म्हणून एवढंच उरलंय."

बाळंतिणीसाठी मी लिटरभर दूध घ्यायची. आदल्या दिवशी मांजरानं तोंड घातलेलं. घरात झाकण एकच, ते भाताच्या भगुल्यावर. जपायची म्हणून येगळी ठेवलेली ती तबकडी काळी, गोल, बरोबर पातेल्याएवढी. ठेवली. दूध आत्ताच चुलीवरनं उतरलंय, एवढंबी ध्यानात आलं न्हाय मला. परत बघतेय तर पापडावानी वाकून दुधाला टेकलेली. पाट्याखाली दाबून ठेवली. सपाट झाली न्हाय ती न्हायच. मग ट्रंकेत लुगड्याखाली घातली आन् तिचं मोकळं पाकीट दुसऱ्या दोन्हीच्या मधी सरकवून बाईला परत दिलं. बाईचं तबकड्या वाजवायचं मशीन कवाच बंद पडलेलं. कोन बघणार?

पाच-सा वर्सांनी पुण्याचं पावणं आलं. बाईची गाणी परत नव्यानं काढायची म्हणं. बाईचा गळा तवा पार बसलेला, जुन्या तबकड्याच काय त्या कामाच्या. मी चहा घेऊन गेले आन् त्येंनी नेमकं मोकळं पाकीट उघडलं.

"बाई, ह्यातली कुठं हाय?"

माझ्या हातातला कप बशीवर वाजाय लागला. बाईनं कपाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"मीच कुणाला तर दिली," ती पावण्याला म्हटली. "कुणाला ते आता ध्यानात न्हाय."

पावणं लई गावं फिरलं. तसली दुसरी कुठं गावली न्हाय. बाईनं मला कधी इचारलं न्हाय. शिव्या घातल्या असत्या तर एक घास सुखानं गिळला असता मी.

गेल्या साली बाई गेली. शेवटचं पाणी तिच्या तोंडात मीच घातलं. सांगायचं हुतं. ओठापर्यंत आलं. पन नुसतं पाणीच घातलं.

परवा तेच पावणं नवी तबकडी घेऊन माझ्याकडं आलं. मशीन चुलीजवळ मांडलं. "आजी, ऐका." आधी खरखर झाली. मग ठक, ठक, ठक.

मी उठले. ट्रंक उघडली आन् ती वाकडी तबकडी त्येंच्या हातात दिली.

"ही कुठं गावली?"

"गावली न्हाय. हितंच हुती. तापल्या दुधावर झाकली मी."

पावणं उलटीपालटी करून बघत ऱ्हायलं. "हिच्यातनं आता काय निघत न्हाय, आजी."

"म्हाईत हाय."

"बाईंना कळलं हुतं?"

"व्हय. म्हणून तर तुमच्याशी खोटं बोलली."

चार गाणी झाली. दर गाण्याच्या आधी बाईनं ठोकलं. पाचव्याची मी वाट बघत बसले. मशीन नुसतंच फिरत ऱ्हायलं.