व्हॉल्व्ह वेळेवर मिटेना

माझे धाकटे काका डिझेल इंजिनांचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह करणाऱ्या कारखान्यात आहेत. पण व्हॉल्व्ह ते बनवतात कॉम्प्युटरवर. खरे व्हॉल्व्ह तपासायचं काम काकूंचं, त्याच कारखान्यात, तळमजल्यावर. दोघांचं लग्न या कामातूनच जमलं आणि भांडणंही याच कामावरून होतात.

व्हॉल्व्हचं काम ऐकायला सोपं. कॉइलमध्ये वीज आली की तिचं लोहचुंबक होतं, लोखंडी चकती वर ओढली जाते आणि इंजिनात डिझेलचा फवारा उडतो. वीज गेली की स्प्रिंग चकतीला खाली ढकलते, फवारा बंद. हे सगळं पापणी लवायच्या आत. मिटायला जरा उशीर झाला की जादा डिझेल जातं आणि इंजिन धूर ओकतं.

नवा व्हॉल्व्ह काकांच्या पडद्यावर अगदी वेळेवर मिटायचा. त्याचा आलेख ते पाहुण्यांना लग्नाच्या अल्बमसारखा दाखवत. पाहुणे "छान आलाय हो" म्हणत. काय आलंय ते कुणी विचारत नसे. काकूंच्या तपासणीच्या बेंचवर, सेन्सरच्या नोंदीत, मात्र तोच व्हॉल्व्ह रेंगाळायचा.

"तुझा सेन्सर आळशी आहे," काका जेवताना म्हणाले.

"तुमचं मॉडेल भोळं आहे. त्यानं कारखाना पाहिलाच नाही."

"कॉइलमध्ये चुंबकत्व उरत असेल."

"मग या ना खाली. बघा डोळ्यांनी."

"तो व्हॉल्व्ह मिटेल तेव्हा मिटेल," आजी म्हणाली, "आधी तुम्ही तोंडं मिटा आणि मुकाट्यानं जेवा."

दुसऱ्या दिवशी काका कडक इस्त्रीच्या शर्टात, पाहुण्यासारखे खाली उतरले. काकूंनी एक व्हॉल्व्ह खोलला, स्प्रिंग काढली आणि कॉइल वर, चकती खाली असा धरला. वीज नव्हती, तरी चकती लटकूनच राहिली.

"बघ! चुंबकत्व!" काका म्हणाले.

काकूंनी चकती ओढली. 'चप्' असा आवाज झाला. दोन्ही बाजू पुसून कोरड्या करून त्यांनी चकती परत लावली, तर ती टण्णकन टेबलावर पडली.

आरशासारख्या त्या दोन गुळगुळीत पृष्ठभागांमधला तेलाचा पातळ थर चकतीला सोडत नव्हता, आणि काकांच्या मॉडेलमध्ये तो थर नव्हताच.

त्यांनी तो घातला. आलेख बराचसा जुळला. मग तेलाला पळायला वाट हवी म्हणून काकांनी चकतीवर चर पाडून घेतले. पण उत्साहात इतके खोल, की चुंबकाला ओढायला लोखंडच कमी पडलं आणि व्हॉल्व्ह उघडेनासा झाला.

"चला, मिटायचा प्रश्नच मिटला," काकू म्हणाल्या.

चर उथळ केले तेव्हा कुठे जमलं. उरलेला बारीक फरक काकूंनीच शोधला: सेन्सर खरंच थोडा मागे राहत होता. हे त्यांनी काकांना आपणहून सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. पुढे आठवडाभर काकांना सोसलं, हा त्याहून मोठा.

नवी चकती बसवलेलं इंजिन सुरू झालं तेव्हा दोघं काचेआड उभे होते. धूर जवळजवळ नव्हता, खडखडही पुष्कळ कमी झाली होती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, तशा काकू घाबरल्या.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

"थांब गं," काका म्हणाले. "जरा ऐकू दे."