मामींचा डॅनिश हॉल

"बैस की. कुठं जायाचं?"

दारात कुणीही येवो, मामींचं हे वाक्य ठरलेलं. मीटर वाचायला आलेला माणूस, कुरियरवाला, पत्ता चुकून फाटकात शिरलेला रिक्षावाला, सगळ्यांना त्या बसवायच्या आणि फिल्टर कॉफी पुढे करायच्या. गिंडीतल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी सांगलीहून चेन्नईला आले आणि वेस्ट मांबलममध्ये मामींच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. पहिल्या दिवशी नुसती किल्ली मागायला गेले होते, ती जेवूनच वर चढले. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. तिच्याकडे पाच मिनिटांसाठी म्हणून जाऊ नये.

मामी तंजावरी मराठी. "अय्यो" आणि "बैस" एका दमात म्हणायच्या. सुरुवातीला मला त्यांच्या मराठीचं हसू यायचं. पुढे त्या माझ्या मराठीला हसू लागल्या आणि आमची फिटंफाट झाली.

जगाला बसवणाऱ्या या बाईंचा एकुलता एक मुलगा मात्र काही केल्या बसत नव्हता. तो डेन्मार्कला असतो आणि बायकोही तिकडचीच. मागच्या खेपेला दोघं आली ती हॉटेलात उतरली. रोज येत, जेवत आणि टॅक्सी बोलावून निघून जात. मामी फाटकापर्यंत पोचवायला जायच्या, पण ते नेहमीचं वाक्य मुलाला म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

"तिला आमचा हॉल सोसला नाही गं," त्या मला म्हणाल्या. "ट्यूबलाइट, लोखंडी खुर्च्या, वर खडखडता पंखा. कोण राहील?"

डिसेंबरात दोघं पुन्हा येणार असं कळलं आणि मामींनी पदर खोचला. सुनेनं कधीतरी आपल्या दिवाणखान्याचा फोटो पाठवला होता. तो त्यांनी मोबाईलवर बोटांनी मोठा करकरून पाठ केला. फोटोत आहे ते आणायचं, नाही ते काढायचं, असा सरळ हिशोब होता. फोटोत पंखा नव्हता, म्हणून पंखा उतरला आणि भिंतीवर एसी चढला. चेन्नईत राहून हॉलमधला पंखा काढणारी बाई बघायला शेजारपाजारचे येऊन गेले. अर्थातच ते सगळे कॉफी पिऊन गेले. खुर्च्या गच्चीवर गेल्या, टीव्ही आतल्या खोलीत गेला, देवांची कॅलेंडरं स्वयंपाकघरात गेली.

"देवांना मी समजावलंय," मामी म्हणाल्या. "चार दिवस अॅडजस्ट करतील."

फोटोत सगळं पांढरं होतं. मामींनी पेटी उघडली आणि मामांच्या पांढऱ्याशुभ्र वेष्ट्या, म्हणजे लुंगीसारखी नेसायची धोतरं, काढून सोफ्यावर पसरल्या. जरीचे काठ आत दुमडले. मामांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. "तिनं सासऱ्याला पाहिलं नाही ना," त्या एक घडी हातानं सारखी करत म्हणाल्या. "निदान त्यांची ऊब तरी मिळू दे." मी उगाचच एसीचा रिमोट शोधायला लागले.

फोटोतल्यासारख्या मेणबत्त्या चर्चजवळच्या दुकानातून आल्या, त्यातल्या सगळ्यांत जाड. मग रंगीत तालीम सुरू झाली आणि तीत डेन्मार्कची पाहुणी मी. मंद उजेडात, गारठ्यात, पांघरूण घेऊन मी गप्प बसायचं आणि बरं वाटतंय का ते सांगायचं. पहिल्याच दिवशी उठताना मी एका मेणबत्तीवर फुंकर घालायला वाकले, तर मामींनी माझं तोंडच दाबून धरलं.

"तोंडानं ज्योत विझवतात का? शिव शिव!"

त्यांनी अंगणातल्या तगरीची फुलं वाटीतून आणली आणि एकेक ओलं फूल एकेका ज्योतीवर अलगद टेकवलं. "आमच्याकडे दिवा असा शांत करतात. माझ्या मुलानं केकवरची मेणबत्तीसुद्धा कधी फुंकली नाही."

एका संध्याकाळी मी कारखान्यातून दमून आले होते. तालमीत सोफ्यावर आडवी झाले, थंडी वाजली म्हणून वेष्टी डोक्यावरून ओढली आणि तिथंच डोळा लागला. समोरच्या घरातल्या निवृत्त बँकवाल्या अंकलना खिडकीतून काय दिसलं असेल, बघा. सामान हलवलेला हॉल, मिणमिणते दिवे, पांढऱ्या कापडाखाली सरळ पडलेलं कुणीतरी आणि उशाशी हात जोडून बसलेल्या मामी. पायांचे अंगठे तेवढे बांधायचे राहिले होते. मामी त्या वेळी त्यांचं रोजचं स्तोत्र म्हणत होत्या.

अंकल कोपऱ्यावरून हार घेऊन आले. "एप्पो आच्चु?" त्यांनी दबल्या आवाजात विचारलं, म्हणजे कधी झालं?

"कोण गेलं?" मामी दचकून ओरडल्या. त्या आवाजानं मी उठून बसले. अंकलही बसले, पण जमिनीवर, हारासकट.

कॉफी पिऊन ते सावरले. मामींचा चेहरा मात्र उतरला. "मसणासारखं दिसतंय का गं? तीपण पळून जाईल." रात्रभर विचार करून त्यांनी सकाळी एक कॅलेंडर परत हॉलमध्ये टांगलं.

दोघं आली. सूनबाई दारातच थबकली, कॅलेंडरातल्या लक्ष्मीकडे आणि वेष्ट्यांकडे बघून हसली, आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसली. जेवणं लवकर आटोपली. मलाही बोलावणं होतं. मग मुलानं घड्याळ पाहिलं, हॉटेलात परतायला टॅक्सी बोलावली आणि मामी नेहमीसारख्या पोचवायला उठल्या. निघता निघता सूनबाई मेणबत्ती फुंकायला वाकली.

"नो!" मामी ओरडल्या. मग ओशाळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आमच्या घरात ज्योत फुंकत नाहीत.

"मग विझवायची कशी?"

मी तिपाईकडे पाहिलं. फुलांची वाटी रिकामी होती. मामींची मूठ पदराखाली होती आणि पदराला ओल आली होती.

"आपोआप विझतात," मामी म्हणाल्या. "वेळ लागतो."

सूनबाईनं त्या जाड मेणबत्त्यांकडे पाहिलं, एवढ्या सगळ्या कापडाकडे पाहिलं. "तुम्ही एकट्या, आणि हे सगळं असं जळत ठेवून आम्ही जायचं? मी नाही जाणार." आणि ती पुन्हा वेष्टी ओढून बसली.

मुलानं बोलायला तोंड उघडलं. रिकामी वाटी पाहिली, आईचा पदर पाहिला. मग फोन काढून त्यानं टॅक्सी रद्द केली. उरलेले सगळे दिवस ती दोघं तिथंच राहिली.

आता खालच्या मजल्याला कुलूप आहे. नात झाली म्हणून मामी तिकडे गेल्या आहेत. संध्याकाळी कामावरून आले की माझे पाय जिन्याशी सवयीनं रेंगाळतात. तगर मीच पाणी घालून जगवली आहे आणि फुलं झाडावरच सुकतात. परवा मामींचा फोन आला, तेव्हा न राहवून विचारलं, "मामी, सुनेला फुलाचं सांगितलंत का?"

"वेडी का काय तू?" त्या कुजबुजल्या. "इथं रोज संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. सांगितलं तर विझवून आपापल्या खोलीत जातील. बैसू दे की. कुठं जायाचं?"