नानांचं घर बघायला आलेले दोघे

आमच्या वाडीत बहुतेक घरांना कुलपं. माणसं कमी झाली की गोष्टीही कमी व्हाव्यात, पण उरलेल्यांवर त्या जास्तच साचतात. संध्याकाळी दिवा लागतो तो माझ्याकडे आणि शेजारच्या नानांकडे. तर मासळीबाजारात एक मासेवाली दुसरीला सांगत होती, "नानांचा घर नि आंब्याची कलमां... ते घाटावरचे दोघे येतत मां, तेंकाच..." तेवढ्यात तिनं मला बघितलं. "वयनी, बांगडे देव?"

बांगडे घेतले. जेवताना चव काही लागली नाही.

*

दोघे आले. शिंदे आणि मगदूम. नानांबरोबर कोल्हापूरला एकाच कारखान्यात होते. तिघांच्याही बायका गेलेल्या. शिंदे गाडीतून उतरला तो थेट विहिरीत वाकला. मगदूम वाशांवर बोटानं टकटक करत फिरला. गिऱ्हाईकं दुसरं काय करतात?

नाना म्हणाले, "शाले, उद्या हेंका फिरवतंय. तू येतस?"

मी साडीला आधीच इस्त्री करून ठेवली होती.

*

तोंडवळीला आभाळ भरलेलं, समुद्र राखेच्या रंगाचा. शिंदेनं विचारलं, "वैनी, हितं कायमचं ऱ्हायला बरं वाटंल, न्हाई?"

"बरं वाटतं की," मी म्हटलं. "खारा वारा खिडकीचे गज खातो, ओल भिंती खाते. आणि फुरशी असतात."

"ती काय असत्यात?" मगदूम.

"साप. चपलांच्या आडोशाला बसतात."

मगदूमनं हातातले बूट आधी आपटले, मग वाळूतच घातले.

*

वालावलच्या तळ्याकाठी दोघं कितीतरी वेळ हरखून पाण्याकडे बघत बसले. हे काही बरं लक्षण नव्हतं. मी विजेचा विषय काढला. पावसात जाते, यायचं तिच्या मनावर. मग माकडं काढली. मग विहीर मे महिन्यात तळ गाठते, तेही काढलं.

नाना हळूच म्हणाले, "शाले, तुजा आज काय बिनसला?"

*

आंबोलीला नाना पहिल्यांदा खुलले. "हयसून समुद्र दिसता. आपला घर खंय ता दाखवतंय." कठड्याशी गेलो तर समोर नुसतं पांढरं. दरीसुद्धा दिसेना. नानांनी तरी हात लांब करून बोट दाखवलं.

मगदूम म्हणाला, "नाना, धुकं आमच्याकडंबी हाय की. एवढं डिझेल जाळून आणलासा?"

आम्ही हसलो. नानांचा हात तसाच वर राहिला होता.

*

परतताना आमच्या वेशीवरच्या राखणदार देवाला नारळ ठेवायचा होता. गुरवानं विचारलं, "काय मागूचा?" नाना त्याच्या कानाला लागले. मी दोन पावलं पुढे सरकले, तरी ऐकू आलं नाही. पण आमच्याकडे गाऱ्हाणं मनात घालत नाहीत. गुरव ते मोठ्यानं देवाला सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी होकार भरायचा असतो. पाहुण्यांना मी तेवढं शिकवलं.

गुरव सुरू झाला. "बा देवा म्हाराजा, हो तुजो लेक नारळ घेवन उभो आसा..."

"होय म्हाराजा."

"कलमां इकलेली आसत. गेली ती गेली..."

"होय म्हाराजा." म्हणजे मासेवालीचं अर्धं खरं होतं.

"पण घर इकूचा नाय. एकट्यान रवाक जमना नाय, मुलगो पुण्याक न्हेवक बघता..."

"होय म्हाराजा."

"तर ह्या दोगां दोस्तांका हयसरच येवन रवाची बुद्दी दी, आणि तेच्या घराक कुलूप पडा नको रे म्हाराजा..."

शिंदे आणि मगदूम खणखणीत म्हणाले, "होय म्हाराजा." मीच तेवढी होकार भरायची राहिले.

बाहेर आल्यावर शिंदेनं मला विचारलं, "वैनी, लई घाईनं म्हटलं त्यांनी. नानांनी मागितलं काय?"

नाना चपला शोधत होते. मी सांगितलं. सगळं सांगितलं: घर विकायचं नाही, तुम्ही दोघांनी इथंच येऊन राहायचं.

शिंदेनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "होय तर आमीबी म्हटलं की, नाना."

"न समाजता म्हटलास," नाना म्हणाले. "ता देव धरना नाय."

मग त्यांनी नारळाची शेरणी प्रसाद म्हणून वाटली. पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.