तिसऱ्या ढिगातली पानं

"तिसरा ढीग घरीच ठेव रे! तिसरा ढीग नेऊ नको!"

माय गोंदियाच्या फलाटावरून ओरडून राहिली होती, आणि तिचा आवाज असा की इंजिनानं लाजून आपली शिट्टी अर्ध्यात आवरली. गाडी हलली होती. बाबा धावत धावत खिडकीतून माझी ट्रंक आत ढकलत होते. शेजारी बसलेल्या व्यापाऱ्यानं विचारलं, "काहे का ढेर, भैया? धान का?" मी म्हणालो, "सोन्याचा." त्यानं तिरोड्यापर्यंत माझ्या ट्रंकेवरची नजर काढली नाही.

तुम्ही जे फुलचुरातच राहिलात, त्यांनी हा प्रसंग डोळ्यांनी पाहिला. जे मागाहून माझ्यासारखे गाडीत बसले, त्यांनी तो माझ्याकडून ऐकला, म्हणजे लाजलेल्या इंजिनासकट ऐकला. पण ढीग कशाचा होता, हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही.

रेल्वेच्या तार-खात्यात शिकाऊ पोरं घ्यायची होती. परीक्षा नागपुरात, आणि जे पास होतील त्यांना तिथूनच परस्पर बंगालच्या बाजूला शिकायला पाठवणार. वयाची अट अशी होती की मला ही एकच वेळ बसता येणार होतं. आणखी दोन महिन्यांनी त्यांच्या लेखी मी म्हातारा होणार होतो.

गोंदियात एक निवृत्त तारमास्तर होते. दर रविवारी ते आम्हा चौघांची कच्ची परीक्षा घेत. गणित, भूगोल, आणि शेवटी ते इंग्रजीत बोलतील तो निरोप ऐकून शब्दाला शब्द कागदावर उतरवायचा. पहिल्या रविवारी मला शंभरात एकतीस मिळाले. गोंदियाहून फुलचूर ते कितीसं दूर, पण चालता चालता एकतिसाचे एकसष्ट झाले.

माय दारात सूप पुढ्यात घेऊन बिड्या बांधत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल पेन्सिल दिसत होती.

"एकसष्टात इतकं रगत निघते काय रे?"

"थोडे कमी असतील."

"किती कमी?"

"तीस."

"मंग एकतीस भेटले म्हण ना, लेका. उलटं काऊन मोजून राहिला?"

आता मायची रीत सांगतो. बिडी कारखान्यात तपासणारा वाईट बिड्या छाटून बाजूला काढी. बाकीच्या बाया त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी येत. माय मात्र आपल्या छाटलेल्या बिड्या मागून पदरात घेऊन येई, एकेक उकलून बघे आणि त्यांचे ढीग लावी. पान फाटकं, तंबाखू कमी, धागा ढिला. ज्या दिवशी धाग्याचा ढीग मोठा, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती फक्त धाग्याकडे लक्ष देई. "किती छाटल्या ते कायले पाह्यचं? काऊन छाटल्या ते पाह्य."

तिनं मला तिथंच बसवलं. मी पेपरातली एकेक चूक वाचून सांगायची आणि तिनं तेंदूपानाची एकेक कातरण जमिनीवर टाकायची. पहिला ढीग: येतच नव्हतं. दुसरा: येत होतं, पण घाई केली. मग निरोपाचा कागद आला. मास्तर बोलले होते, मालगाडी सालेकशाला थांबली आहे. मी उतरवलं होतं, मालगाडी सालेकशाला वाघामुळे थांबली आहे.

मास्तरांनी मला विचारलंही होतं, "ये शेर कहाँ से आया?"

"मास्तरजी, सालेकशाच्या जंगलात वाघ नाहीत का?"

"हैं. पर तार में नहीं था."

मायनं ती कातरण वेगळी ठेवली. "कोणी इचारलं नोव्हतं, तरी घातलं," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत हा तिसरा ढीग बाकी दोघांच्या डोक्यावरून गेला. म्हणजे मी म्हणतो, घराच्या कौलांना लागला. ती म्हणे, वीतभर.

पुढचे सहा रविवार हेच. पहिल्या ढिगावर इलाज म्हणजे पाठांतर. दुसऱ्यावर इलाज असा की तिची एक बिडी बांधून होईपर्यंत मी गणिताची एकच ओळ लिहायची. आधी झाली तरी पेन्सिल खाली. तिसऱ्यावर इलाज सोपा नव्हता. तिनं मला निरोप्या केलं. "जा, मावशीले सांग, आमच्याकडे आज वांग्याची भाजी आहे." मी जाऊन यायचो आणि मागोमाग माय तपासायला जायची. पहिल्याच दिवशी मावशी नवं लुगडं नेसून निघाली होती, कारण माझ्या निरोपात वांग्याला पुऱ्या, बासुंदी आणि नागपूरचे पाहुणे मिळाले होते. माय कारखान्याच्या तपासणाऱ्याहून कडक. पण चौथ्या आठवड्यात वांगं मावशीच्या दारापर्यंत वांगंच राहू लागलं. सहाव्या रविवारी मला अठ्ठ्याहत्तर मिळाले, खरेच अठ्ठ्याहत्तर, आणि तिसऱ्या ढिगात एकच कातरण पडली. मायनं ती उचलून बराच वेळ बोटांत फिरवली. मी पास झालो तर परत येणार नाही, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. धानातून खडा निवडावा तसं तिनं मला बसल्या बसल्या घरातून निवडून काढलं.

नागपुरात मी एक शब्द जास्त लिहिला नाही. पास झालो आणि तिथूनच पुढच्या गाडीत बसलो.

आता इतकी वर्षं बंगालच्या बाजूला आहे. क्वार्टर मिळालं, नाइट ड्यूटीचा सराव झाला, भात तोच पण त्यावर माछेर झोल, म्हणजे माशाचा रस्सा आला, आणि तिकडे पाणीही 'खातात', चहाही 'खातात' हे अंगवळणी पडलं. लढाईच्या दिवसांत तारेची किल्ली थंड व्हायला वेळ नसे. जन्म, बढत्या, मरणं, सगळं माझ्या बोटांखालून गेलं. एकदा कोणा आईच्या नावानं तिचा मुलगा गेल्याची तार आली. पुढे दोन शब्द घालावे असं फार वाटलं. घातले नाहीत. जशी आली तशी पाठवली.

तारेत वाचवलेले शब्द मी क्वार्टराच्या ओट्यावर गप्पांत खर्च करतो. आमच्याकडच्या धानात हत्ती शिरला तर दिवाळीला धान कापतानाच सापडतो. कचारगडच्या गुहेत मालगाडी उभीच्या उभी वळवता येते. बंगाली बाबू माना हलवतात. कोणी कातरण टाकत नाही. तिथं माझं सगळं खपतं, आणि तेच मला कधी कधी टोचतं.

मागच्या रजेत फुलचूरला गेलो. स्वराज्य येणार, साहेब जाणार, अशा गप्पा दारोदार होत्या. मायच्या पुढ्यात सूप तसंच होतं, बोटं मात्र सावकाश झाली होती. तिनं विचारलं, तिकडे कसं आहे. मी सगळं सांगितलं. पक्कं क्वार्टर, विजेचा दिवा, मान. ती ऐकत होती, बांधत होती. घर कोणतं, असं मला आता कोणी विचारलं तर मी पत्ता सांगणार नाही. जिथं माझं बोलणं उकलून बघणारं कोणी बसलंय, ते.

शेवटी मी म्हणालो, "खरं सांगू माय? आता मले इकडची आठवणही येत नाही."

तिनं सुपातली एक कातरण उचलली आणि बाजूला ठेवली.

"तिसरा ढीग," ती म्हणाली.