आज गाडी नाल्यात रुतली न्हाई

मंडळी, आज दुपारी आमच्या जुन्या पिकअप ट्रकने देगलूरजवळचा तो चिखलाचा नाला एका दमात पार केला. शाबासकी द्यायच्या आधी सगळं ऐका.

निजाम सरकारची सडक नाल्याच्या पलीकडेच संपते. अलीकडे आमच्या गावापर्यंत नुसती काळी माती. गेल्या पावसाळ्यात आईला नांदेडच्या दवाखान्यात नेताना गाडी तिथंच रुतली. जोर फक्त मागच्या चाकांना, ती फिरतील तेवढी आत जायची. शेजारचे किशनमामा बैल घेऊन येईपर्यंत आई माझ्या वडलांच्या, आबांच्या मांडीवरच गेली.

यंदा करीमचाचा मिस्त्रींनी लढाईनंतर लिलावात निघालेल्या लष्करी गाडीचा पुढचा आख आमच्या ट्रकला बसवला. आता चारही चाकं ओढतात.

आज इंजिनाचा आवाज ऐकून किशनमामा सवयीनं बैल आन् दोरखंड घेऊन नाल्यावर हजर. मी पुढच्या चाकांना जोर देणारा नवा दांडा ओढला. गाडी जरा डोलली आणि सरळ पलीकडे चढली.

"लई बेस झालं!" मामा ओरडले. मग आबांकडं बघून त्यांनी हातातला दोरखंड खाली ठेवला.

आबा माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "फिरव. पुन्हा जाऊ."

परत आलो. पुन्हा गेलो. आबा फिरवच म्हणून राहिले. शेवटी त्यांनी स्वतःच्या मांडीवरून हात फिरवला.

"एवढाच होता रे नाला," ते म्हणाले.

माझ्या जागी तुम्ही काय बोलला असता?