भिंतीवरचे मोठे शेठ

काजू भाजल्याचा खरपूस वास आला की मला रत्नागिरीतल्या त्या दुकानाची भिंत आठवते. दुकान नव्यानं सजत होतं आणि ‘आत पाऊल टाकताच आमची ओळख दिसली पाहिजे’ म्हणून मालकानं मला तिथं मोठं भित्तिचित्र काढायला सांगितलं होतं, कढईत काजूबिया भाजणाऱ्या त्याच्या वडिलांचं. वडील तो लहान असतानाच गेलेले, त्यांचा एकही फोटो नव्हता. रुंद कपाळ, जाड भुवया, किंचित वाकडं हसू, असं तो आठवेल तसं सांगत गेला आणि मी रंगवत गेलो. चित्र पुरं झालं त्या दिवशी त्यानं वडिलांच्या वेळेपासून बिया फोडणाऱ्या आजींना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, “अगो बाय, मोठे शेठच हे!” म्हणाल्या आणि भिंतीला हात जोडून रडू लागल्या. मालकाचेही डोळे भरले. तेवढ्यात माझा जेवणाचा डबा घेऊन आलेली माझी बहीण दारातच थबकली आणि हळूच म्हणाली, “दादा, आपल्या बाबांना इथं कशाला काढलंस?” मी पुन्हा वर पाहिलं. बाबाच होते. पण आजींचं रडणं तर खोटं नव्हतं! मालकाला सांगावं की नाही हेच कळेना, आणि मी काही न सांगताच ब्रश धुवायला घेतले. आता तो चेहरा काजूच्या पाकिटांवरही छापतात. घरी आलेला पाहुणा बाबांच्या फोटोकडे बघून विचारतो, “हे काजूवाले शेठ तुमचे कोण?” मी ‘वडील’ म्हणतो, आणि म्हणताना दुसऱ्याचं काही उचलल्यासारखं वाटतं.